सशर्त नवरा

"सर, ह्या फोटूत मॅडम कुठं हायत?"

इंदिरानगरात सीएमएच रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मला हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा माझ्यामागे पाच माणसं रांगेत उभी होती. त्यातली दोन लगेच पुढे वाकून मॅडम शोधायला लागली. फोटो माझ्या स्वतःच्या लग्नाचा. मी मुंडावळ्या बांधून, हातात हार धरून, शाळेत लस टोचायला उभ्या केलेल्या मुलासारखा उभा आहे. समोर दोघांनी ताणून धरलेला अंतरपाट आहे. आणि मॅडम अंतरपाटाच्या पलीकडे आहेत.

"पलीकडे आहेत," मी म्हणालो.

"हायत ते खरं हो सर. पर दिसत न्हाईत की. तिकडच्या सायबाला कसं कळायचं?"

दुकानदार मूळचे निपाणीकडचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, मनातल्या मनात निपाणीकरच म्हणतो. बंगळूरमध्ये मराठी बोलणारा झेरॉक्सवाला भेटला म्हणून पहिल्या दिवशी मला अगदी गहिवरून आलं होतं. हा गहिवर पुढे महागात पडला. दुसऱ्या कुणीही माझे कागद नुसते छापले असते. निपाणीकर वाचतात.

तर प्रकरण असं. माझी बायको न्यू जर्सीत असते. तिसरीत असताना आईवडिलांबरोबर गेली, तिथेच वाढली, तिथलीच नागरिक झाली. मी सांगलीचा, नोकरीपायी इंदिरानगरात एचएएल दुसऱ्या स्टेजमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा. १२ फेब्रुवारी २०२४ला सांगलीत आमचं लग्न झालं, एकोणीस दिवसांनी ती परत गेली आणि मे महिन्यात तिने तिथल्या सरकारकडे ६२५ डॉलर भरून आय-१३० नावाचा अर्ज टाकला. अर्जाचा मराठीत सारांश एवढाच, की हा माझा नवरा आहे आणि तो मला इकडे हवा आहे. त्यावर सरकारचं म्हणणं, कशावरून?

प्रश्न रास्त आहे. ग्रीन कार्डासाठी खोटी लग्नं करणारे लोक असतात, आणि सरकारला खरं लग्न कुठलं, खोटं कुठलं हे कागदावरून ओळखायचं असतं. पुरावे काय काय लागतात याची बायकोने एक शीट केली. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचे तिला पैसे मिळतात, आणि माझ्या ती फुकट शोधते. शीटमध्ये हिरवा रकाना म्हणजे कागद मिळाला, पिवळा म्हणजे नवरा 'उद्या' म्हणतोय, आणि लाल म्हणजे नवऱ्याने केलंय, पुन्हा करावं लागेल. पहिलं वर्षभर आमचा संसार लालच होता.

दोघांच्या नावावर बँकेचं खातं, दोघांच्या नावावर घराचा करार, दोघांच्या नावावर कर्ज आणि असल्यास दोघांच्या नावावर मूल, असे भक्कम पुरावे यादीत वरच्या बाजूला होते. एकोणीस दिवसांत यातलं काहीही उरकत नाही, कर्जसुद्धा. मग उरले फोटो.

लग्नात आमचे ११४० फोटो निघाले. त्यांत नवरा-नवरी दोघंही चौकटीत आहेत, दोघांचेही डोळे उघडे आहेत आणि मधे एकही नातेवाईक नाही, असे फोटो भरले सात. त्यातल्या चारांत मी फोटोग्राफरकडे बघतोय आणि ती घड्याळाकडे. उरलेल्या तीनांत आम्ही एकमेकांना घास भरवतोय. घास भरवणाऱ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर प्रेम असतं हा लोकांचा गैरसमज आहे. जिलबीचा पाक शालूवर सांडू नये याची ती धास्ती असते. ज्या समाजात लग्न लागलं की खुद्द भटजीच 'आता मुका घ्या' म्हणून सांगतो, त्यांचं बरं आहे, पुरावा जागच्या जागी तयार होतो. आपल्याकडे ऐन मुहूर्ताला नवरा-नवरीच्या मधे चादर धरतात, आणि चादर काढली रे काढली की दोनशे माणसं मिळून तांदूळ फेकून मारतात. फोटोत हे लग्न कमी आणि आंदोलन जास्त दिसतं.

प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत एक ओळ लिहायची होती. अंतरपाटाखाली बायकोने लिहिलं, 'पवित्र पडदा'. निपाणीकरांनी चष्मा वर करून ते वाचलं.

"पडदा लिवू नका सर. न्हाणीघरातला फोटू वाटतोय."

मग त्यांनी धंद्यातलं गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला. "मागं एक पार्टी आलती. काय अल्बम म्हणतायसा! मालदीवचे फोटू, गोव्याचे फोटू, पाण्यात, पाण्याभायेर, सगळीकडं मिठ्या. तुमच्यासारखं न्हाई, चार हात लांब."

"मग? झालं त्यांचं काम?"

"काम झालं की. लगीन मोडलं."

फोटोंनंतर चॅट. नवरा-बायको एकमेकांशी नियमित बोलतात हे दाखवायला निवडक पानं जोडायची. मी पहिल्या सहा महिन्यांचं सगळं वाचून काढलं. 'जेवलास?' 'हो.' 'काय?' 'पोळी-भाजी.' 'कुठली?' 'माहीत नाही. हिरवी होती.' हे एवढंच, सहा महिने. त्यात तिच्या-माझ्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर आणि हिवाळ्यात साडेदहा. मी 'गुड नाइट' पाठवला की तिकडून 'गुड मॉर्निंग' येतो. तिऱ्हाइताला वाटावं, या दोघांचं एका गोष्टीवर एकमत नाही.

त्या सगळ्या ढिगात भावना अशी एकाच ठिकाणी सापडली. मी लग्नाचा दाखला उलटा स्कॅन करून पाठवला होता, त्या दिवशीचे तिचे लागोपाठ ४६ मेसेज. त्यात माझी शाळा, माझे संस्कार, माझ्या मामाचं लग्नातलं वागणं आणि 'दाखला सरळ धरायला सप्तपदी घालावी लागते का' असा सगळा मजकूर. मी ती पानं बाजूला काढली. निपाणीकरांनी उचलून परत फायलीत घातली.

"ही र्‍हाऊ देत. सगळ्या फायलीत नवरा-बायकू म्हणावं असं हितंच हाय काय ते."

पुराव्यांबरोबर एक पत्रही लागतं, आपली ओळख कशी झाली, प्रेम कसं जमलं, लग्न कसं ठरलं वगैरे. बायको म्हणाली, तू लिही, तुझं मराठी चांगलं आहे. पत्र इंग्रजीत लिहायचं होतं. आमची ओळख अशी, की माझ्या मावशीची जाऊ आणि तिच्या आईची चुलतबहीण एका हळदीकुंकवाला शेजारी बसल्या होत्या. हळदीकुंकवाचं इंग्रजी करायला मला एक परिच्छेद लागला, जावेला दुसरा. तिसऱ्या परिच्छेदात कांदेपोहे. 'मुलाने मुलीला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती तळलेल्या, चपट्या तांदळाची बशी घेऊन आत आली' हे वाक्य परत वाचलं तेव्हा माझ्याच मनात शंका आली, की हे लग्न खरं की खोटं.

बायकोने वाचून फोन केला. "हे सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त झालंय. यात प्रेम कुठंय?"

"पान दोन, खालून चौथी ओळ. 'त्यानंतर उभय पक्षांची पसंती झाली.'"

अर्ज मंजूर व्हायला पंधरा महिने लागले. त्या काळात मी रोज सकाळी उठून संगणकावर केस बघायचो आणि ती रोज आदल्या दिवशीच्याच जागी असायची. इंदिरानगर म्हटलं की लोकांना राहुल द्रविडची २०२१ सालची ती जाहिरात आठवते, ज्यात तो मोटारीच्या छतातून बाहेर येऊन, बॅट नाचवत, इंदिरानगरचा गुंडा असल्याचं ओरडून सांगतो. मला मात्र त्या वर्षभरात २००८ सालच्या सिडनी कसोटीतला द्रविड आठवायचा. १८ धावांवर चाळीस चेंडू अडकून पडला होता, आणि अखेर एक धाव निघाली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाने बंगळूरमध्ये राहून संयम कसा शिकावा याचं याहून चांगलं उदाहरण नाही. फरक एवढाच, की द्रविडला समोर चेंडू तरी येत होते.

ऑगस्ट २०२५मध्ये माझी एक धाव निघाली. अर्ज मंजूर. आता पाळी माझ्या कागदांची, आणि आणखी ४४५ डॉलरची.

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नाव नाही. आईचं आहे, वडिलांचं आहे, दवाखान्याचं आहे, लिंग आहे, वजनसुद्धा कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय. बाळाचं नाव या रकान्यात एक आडवी रेघ. मी आईला फोन केला.

"मग? दुसऱ्या दिवशी नोंद केली तुझ्या बाबांनी. बारसं बाराव्या दिवशी. नाव कुठलं लिहिणार?"

"नंतर जाऊन घालायचं ना!"

"नंतर तुला कावीळ झाली."

माझ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यातल्या सगळ्या अपुऱ्या कागदांना आईकडे असंच एकेक आजारपण आहे.

असा अर्धवट दाखला असेल, तर जन्माची माहिती असलेल्या जवळच्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्रही जोडतात. म्हणून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मी मिरजेला उतरलो आणि आत्याला घेऊन नोटरीकडे गेलो. कानात नाव सांगणारी तीच, तिच्याइतका अधिकाराचा साक्षीदार दुसरा कोण? नोटरींचा मजकूर तयार होता, अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमुक यांच्या पोटी मुलगा झाला हे मला प्रत्यक्ष माहीत आहे. आत्याला तो अगदीच मिळमिळीत वाटला.

"लिहा, मुलगा सावळा होता."

"ते लागत नाही, आजी."

"शपथेवर सांगायचं ना? मग सगळं सांगते. नाक बसकं होतं, ते मी चोळून चोळून वर आणलंय. आणि नाव मी वेगळं सुचवलं होतं, ते ह्याच्या आईच्या माहेरच्यांनी चालू दिलं नाही. तेही घाला."

तासाभराच्या वाटाघाटींनंतर नाकावर तडजोड झाली, ती अशी, की नाक गाळायचं पण 'कुटुंबातील ज्येष्ठ व मानाची आत्या' असं लिहायचं. अमेरिकेच्या सरकारदरबारी हा मान आता कायमचा नोंदला गेला आहे.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. आमच्या आडनावात 'व' आहे आणि तो इंग्रजीत कसा लिहायचा यावर आमच्या घराण्यात तीन पिढ्यांचं धोरण ठरलेलं नाही. माझ्या पासपोर्टात तो एका अक्षराने येतो, दहावीच्या प्रमाणपत्रात दुसऱ्या. वडील कधी नुसते, कधी पाठीमागे 'राव' लावून. अर्जात विचारलं होतं, याआधी इतर कोणती नावं वापरली आहेत? मी प्रामाणिकपणे 'पिंट्या' लिहिलं. बायकोने तो रकाना लाल केला.

पण एका बाबतीत मी सुटलो. लग्नात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे केलं, अंगठी हातात दिली आणि म्हणाले, लिहा मुलीचं नवीन नाव. आत्या मागून सुचवत होतीच. मी तिचं आहे तेच नाव लिहिलं. लोक म्हणाले, किती सुधारलेला मुलगा. खरं कारण असं, की त्या ताटात जोडाक्षर काढणं मला जमेना. तेव्हा जमलं असतं आणि नवीन नाव लिहून बसलो असतो, तर आज आणखी दोन प्रतिज्ञापत्रं लागली असती. आनंदीबाई जोशींचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो. माहेरी यमुना, नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी, आणि १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला. नवरा गोपाळराव टपाल खात्यात, तो मागे राहिलेला. आजच्या कुठल्याही खिडकीवर 'यमुना कोण?' या प्रश्नावर त्या अडकल्या असत्या आणि आपल्याला पहिली डॉक्टरबाई मिळायला आणखी बरीच वर्षं लागली असती. गोपाळराव मात्र सगळी टपालं स्वतः लावून, नीट शिक्के मारून मोकळे झाले असते. टपालातला नवरा असावा तो यासाठी.

आईवडिलांच्या जन्मतारखा भरताना मी १ जून आणि १ जून लिहिल्या. बायकोचा रात्री फोन.

"दोघांचीही एकच तारीख?"

"काकांचीही तीच आहे."

"म्हणजे?"

तिसरीत देश सोडलेल्या मुलीला हे माहीत नसतं. मी समजावलं, की त्या काळी मुलांना शाळेत घालताना तारीख कुणाच्या लक्षात नसे, मग हेडमास्तर जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्या एका दिवशी जन्माला आली आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे कुठं बोलू नकोस."

मुख्य अर्ज डीएस-२६०. त्यात सोळाव्या वर्षापासून जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते लागतात. सांगलीचा गावभाग, पुण्यातलं वसतिगृह, कर्वेनगरातल्या दोन खोल्या (एकीत आम्ही सहा जण, मालकाच्या मते तीन), आणि मग बंगळूर. या शहरात पत्ता म्हणजे वर्गसमीकरण असतं. अमुक नंबर, तमुक क्रॉस, तमुक मेन, शिवाय फेज किंवा स्टेज. बीटीएम लेआउटमधल्या माझ्या पेइंग गेस्टचा क्रॉस कितवा हे आठवायला मला एका रविवारी तिथे जाऊन उभं राहावं लागलं, तर त्या जागी मोमोजचं दुकान. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली त्याला पावणेचारशेच्या वर वर्षं झाली. त्यांना कुणी मागचे पत्ते विचारले नसणार, नाहीतर पुणं, शिवनेरी, माहुली असं भरता भरताच आदिलशाही आटोपली असती.

त्यापुढे सुरक्षेचे प्रश्न. तुम्ही हेरगिरी केली आहे का? दहशतवादी कृत्यात भाग घेतला आहे का? नरसंहार? रात्री दोन वाजता, खाली शंभर फुटी रस्त्यावरच्या पबातून सुटलेली माणसं रिक्षावाल्याशी घासाघीस करत असताना, मी एकापाठोपाठ एक 'नाही, नाही, नाही' करत गेलो. इतकं निर्मळ आयुष्य आपण जगलो हे मला माहीतच नव्हतं. एका ठिकाणी मात्र हात थबकला. बहुपत्नीत्वासाठी अमेरिकेत येत आहात का? अहो, पहिलीपर्यंत पोचायला दोन वर्षं लागतायत.

हे सगळं ठीक. पण आय-८६४ची गोष्ट मी सांगलीत सांगायला नको होती. त्यात बायको सरकारला लिहून देते, की मी या माणसाला पोसेन, हा सरकारवर भार होणार नाही. त्यासाठी तिची कमाई गरिबी-रेषेच्या सव्वापट हवी. २०२५च्या हिशोबात दोन माणसांना ती रक्कम २६,४३७ डॉलर होती. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पान लावायचं थांबवलं.

"म्हणजे सूनबाई तुला पोसणार, असं स्टँपवर?"

"स्टँप लागत नाही, बाबा."

"बरं झालं. मग कुणाला कळायचं नाही."

मी त्यांना पुढचं सांगितलंच नाही. या करारातून बायकोची सुटका घटस्फोट घेऊनही होत नाही. मी तिथला नागरिक झालो, किंवा साधारण दहा वर्षांची कमाई माझ्या खात्यावर नोंदली गेली, किंवा देश कायमचा सोडला, किंवा दोघांपैकी एक वर गेलं, तर सुटका. सप्तपदीतही सात जन्मांचं बोलतात, पण तोंडी बोलतात.

पोलीस दाखल्यासाठी घरी हवालदार आले. मला कन्नड बेताचं. ते म्हणाले, अमेरिकेला कशाला? मी म्हटलं, बायको आहे तिकडे. "मग ती इकडे का येत नाही?" माझ्या वडिलांनीही एकदा विचारलेला हा प्रश्न मला कन्नडमध्ये पुन्हा ऐकू आला. ओळखणारे दोन शेजारी हवे होते. इंदिरानगरात शेजारी नसतात. वरच्या मजल्यावरची मुलं दर तीन महिन्यांनी बदलतात, आणि खाली कॅफे आहे तिथला फक्त कुत्रा मला ओळखतो. शेवटी घरमालकीण आजी आल्या आणि त्यांनी खणखणीत साक्ष दिली. हा मुलगा चांगला आहे, पार्टी नाही, गोंधळ नाही, रोज सकाळी साडेसहाला बायकोशी फोनवर भांडतो तेवढंच. हवालदारांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आपुलकी दिसली. ते वाक्य त्यांनी लिहून दिलं असतं, तर मी अंतरपाटाचा फोटो वगळला असता.

मुलाखत मुंबईला. अमेरिकेच्या वकिलातीची शाखा बंगळूरला जानेवारी २०२५मध्ये उघडली, त्याच्या बातम्या मी उत्साहाने कापून ठेवल्या होत्या. पण उद्घाटन झालं तेव्हा व्हिसाचं काम त्यात नव्हतंच, आणि आमच्यासारख्यांची वारी मुंबईलाच. म्हणून उद्यान एक्सप्रेस, एक दिवस, मांडीवर चार किलोंची फाईल. बरोबर दोन इंच बाय दोन इंचाचे फोटो, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा चालत नाही. सीएमएच रोडवरच्याच एका स्टुडिओत ते काढले होते. तिथल्या मुलाने सरकारी काम आहे हे ऐकून आदराने मला दोन छटा गोरा केला आणि हनुवटीवरचा तीळ काढून टाकला. वर म्हणाला, याचे पैसे नाही लावले. ते फोटो फेकून दुसरे काढले, तर चष्म्याशिवाय कॅमेरा कुठे आहे हेच मला दिसेना. फोटोत मी खिडकीकडे बघून कुणाची तरी क्षमा मागतोय असं वाटतं.

आधी वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांनी लशींच्या नोंदी मागितल्या. मी आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"गोवर झाला होता त्याला. चौथीत."

"काही कागद आहे का, काकू?"

"कागद कशाला? सगळ्या आळीने बघितलाय."

आळीची साक्ष धरली गेली नाही. एका दुपारी दोन्ही दंडांत सुया घेऊन मी बाहेर आलो आणि चौथीतला गोवर फुकट गेल्याचं दुःख आईला जेवढं झालं तेवढं मला सुयांचंही झालं नाही.

मुलाखतीच्या खिडकीपाशी उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते, खरं तेच सांगेन. पलीकडे तरुण गोरे साहेब. मी फाईल काचेला टेकवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पहिली भेट कुठे?"

मी घसा साफ करून हळदीकुंकवापासून सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"कांदेपोहे?"

मी मान हलवली. या खिडकीत बसून त्यांनी किती बशा पोहे ऐकले असतील कोण जाणे.

"चांगले होते?"

साधा प्रश्न. पण दोन मिनिटांपूर्वी मी शपथ घेतली होती. घामाने हात ओला झाला.

"मीठ कमी होतं," मी म्हणालो.

साहेबांनी संगणकावर बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मिठाबद्दल इतकं काय लिहिण्यासारखं असतं? मग म्हणाले, व्हिसा मंजूर. फाईल उघडलीच नाही. ११४० फोटोंतले निवडक, निपाणीकरांनी राखलेले ४६ मेसेज, आत्याचा मान, सगळं जसंच्या तसं माझ्याकडे परत. मी बाहेर येऊन बायकोला आधी आनंदाची बातमी सांगितली आणि मग मूर्खपणाने सविस्तर वृत्तांत.

"मीठ कमी होतं म्हणालास? शपथेवर?"

"खरं तेच सांगायचं होतं."

"दोन वर्षं मला म्हणतोयस छान होते!"

पोहे मावशीने केले होते. सांगलीत अजून यावर बोलणं चालू आहे.

आणि इथून पुढचा हिशोब मी आईला आजपर्यंत पटवू शकलेलो नाही. तिथल्या कायद्यात लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत जो नवरा येऊन दाखल होतो, तो सशर्त. त्याला दोनच वर्षांचं कार्ड, आणि मुदत संपायच्या आधी पुन्हा सगळी फाईल, पुन्हा फोटो, पुन्हा पैसे. दोन वर्षं उलटल्यावर जो येतो, तो बिनशर्त, दहा वर्षांचं कार्ड. व्हिसा हातात पडला जानेवारीच्या शेवटी. लग्नाचा दुसरा वाढदिवस १२ फेब्रुवारीला. बायकोने शीटमध्ये एक नवीन रकाना उघडून तिकीट काढलं १४ तारखेचं.

आई म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही लांब. आता सुटलात, तर वाढदिवसापर्यंत मुद्दाम लांब राहायचं?"

"हो."

"म्हणजे लग्न पक्कं धरतात?"

"हो."

"आणि वाढदिवसाला बायकोजवळ असलास तर कच्चं?"

मी फोनवर नुसता 'अं' केला. आई म्हणाली, तुझ्या बाबांना हे सांगू नकोस, ते पान गिळतील.

निपाणीकरांकडे व्हिसाच्या पानाची झेरॉक्स काढायला गेलो. त्यांनी पान उजेडात धरलं, फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"हे कोण?"

"मीच."

"बरं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच पैसे घेतले नाहीत.

१२ फेब्रुवारीला संध्याकाळी मी शंभर फुटी रस्त्यावरच्या एका हॉटेलात एकटाच जाऊन बसलो. आजूबाजूला जोडपी. व्हॅलेंटाइनला दोन दिवस होते तरी टेबलावर लाल फुगा होता. वेटरने दुसरी थाळी मांडू का म्हणून विचारलं, मी फोन ग्लासला टेकवून उभा केला. साडेआठला, तिकडच्या सकाळी दहाला, बायको दिसली. ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून, बर्फातला कोट घालून, हातात कपकेक. तिने त्यावर एक मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने विझली, तिने पुन्हा लावली. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. दोन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग ती म्हणाली, "स्क्रीनशॉट काढ."

मी काढला.

"तारीख दिसतेय ना?"